तात्यांची दोन सीटांची गाडी

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी फुलंब्रीच्या तात्यांचं नाव घेतो. आई-वडिलांचं नाव त्यानंतर येतं, आणि त्यांना त्याचं वाईट वाटत नाही. वडील स्वतःच म्हणतात, "आम्ही तुला शाळेत घातलं. कॉलेजात तात्यांनी घातलं." हे अगदी शब्दशः खरं आहे. तात्यांना गाडीतली रिकामी सीट पाहवत नसे, आणि मी तीन वर्षं त्या सीटवर बसून बी.एस्सी. झालो.

आमची वस्ती फुलंब्रीच्या फाट्यापासून आत. घरात सातवीच्या पुढं कुणी गेलेलं नव्हतं. शहरातल्या कॉलेजात प्रवेश मिळाला, पहिल्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून फाट्यावर उभा राहिलो, आणि एसटी न थांबता निघून गेली. तिच्या मागून एक जुनी जीप आली. मागं दुधाच्या कॅनी, कॅनींवर माणसं, माणसांच्या मांडीवर मेथीच्या जुड्या. चालवणाऱ्या धोतरवाल्या माणसानं विचारलं, "कुठं?"

"कॉलेजला."

"मग उभा काय ऱ्हायलास? बस की. कॉलेज काय फाट्यावर येणार हाय का?"

ते तात्या. शहरातल्या छावणी भागातल्या घरांना रोज दूध घालायचे. वाटेत फुलंब्री, चौका, सावंगी, जिथं जिथं माणूस उभा दिसेल तिथं जीप थांबे. कुणाकडून काही घेत नसत. मी एकदा, महिना झाला म्हणून, काही द्यायला गेलो तर त्यांनी चालत्या जीपमध्ये दोन्ही हात सोडून मला हात जोडले. मी घाबरून पुन्हा कधी विषय काढला नाही. "गाडीत जागा असून माणूस रस्त्यावर सोडायचा नाय," ते म्हणायचे. "जागा आपली नसती. आपण निस्ते चालवणारे."

तात्या स्वतः चौथीत दोनदा नापास होऊन शाळेतून बाहेर पडले होते. त्याचा वचपा म्हणून की काय, आयुष्यभर ते जगाचा निकाल लावत राहिले. चहा प्यायला की "पास." नवा पूल पाहिला की, "नापास. पाणी कुठून जाईल त्याच्या खालून?" लग्नाला जाऊन आले की नवरा पास, नवरी पास, वरण नापास. त्यांच्या पत्नी, ज्यांना आम्ही सगळे माई म्हणायचो, एकदा म्हणाल्या, "चाळीस वर्षं झाली, माझा निकाल अजून लागंना." तात्या म्हणाले, "तुझं रीचेकिंगला दिलंय."

माझ्या शेवटच्या वर्षाच्या प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी चौक्याच्या घाटात जीपचा एक्सल तुटला. तात्या उतरले आणि सरळ रस्त्याच्या मध्ये आडवे उभे राहिले. पहिली गाडी आली ती बँडवाल्यांचा टेम्पो. "ह्या पोराची परीक्षा हाय," तात्यांनी सांगितलं. बँडमास्तर म्हणाला, "तात्या, जागा नाय, ढोल हायेत." तात्यांनी एक ढोल उतरवून घेतला, रस्त्यावर आपल्याजवळ ठेवला आणि म्हणाले, "आता झाली. ढोल मी आणून देतो." मी क्लॅरिनेटवाल्याच्या मांडीला मांडी लावून परीक्षेला पोचलो. तात्या त्या ढोलासकट दुपारपर्यंत घाटात बसून होते, आणि दूध नासलं ते नासलंच. संध्याकाळी मी दुधाचं विचारायला गेलो, तर त्यांनी उलट मलाच विचारलं, "पास व्हशील ना? मग झालं."

मी पास झालो. रसायनशास्त्र घेऊन पहिल्या वर्गात. त्या दिवसापासून तात्यांनी मला ज्ञानू म्हणणं सोडलं आणि 'सायंटिस्ट' म्हणायला लागले. चितेगावला ऑइल आणि ग्रीस बनवणाऱ्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये मला नोकरी लागली. बाटल्या धुण्यापासून सुरुवात होती. पण फाट्यावर तात्यांनी सांगून ठेवलं होतं, "आपला सायंटिस्ट कंपनीत हाय. त्याच्या सहीबिगर ऑइलचा टिपका बाहेर जात नाय."

आणि मग एका साली तात्यांच्या शेतातल्या अद्रकीनं साथ दिली. आमच्या भागात अद्रक साधली की माणसं बंगला बांधतात, मोठी पांढरी गाडी घेतात, सरपंचकीला उभी राहतात. तात्यांनी यातलं काही केलं नाही. तरुणपणी फुलंब्रीच्या सलूनमध्ये भिंतीवर एक कॅलेंडर होतं, त्यावर एका लाल, जमिनीला चिकटलेल्या विलायती गाडीचं चित्र होतं. वर्ष उलटलं तरी न्हाव्यानं ते काढलं नव्हतं. तात्यांनी वीस-बावीस वर्षं त्या गाडीकडं बघत दाढी केली होती. पुण्याकडच्या एका व्यापाऱ्याकडं तशीच इटलीची गाडी, जुनी, विकायला आहे, असं त्यांना कुणीतरी मोबाइलवर दाखवलं. कंपनीचं नाव मी लिहीत नाही; तात्यांनाही ते शेवटपर्यंत उच्चारता आलं नाही.

"सायंटिस्ट, चल. गाडी पास करायची."

"तात्या, मी केमिस्ट्रीवाला. मला गाडीतलं काय कळतंय?"

"सायन्स शिकलास का नाय?"

"शिकलो."

"मग गाडी काय सायन्सच्या बाहेर हाय?"

आता मी जे सांगणार आहे ते एका माणसाखेरीज बरीच वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. पुण्याला त्या व्यापाऱ्याचा एसीतला काचेचा शोरूम होता. मी पांढरा शर्ट घातला होता. तात्यांनी कोऱ्या धोतरावर फक्त त्या दिवसापुरते पायात बूट घातले होते. व्यापाऱ्यानं गाडीचं पुढचं झाकण उघडलं. आत इंजिनच नव्हतं, एक सुटकेस मावेल एवढा खड्डा होता. तात्या दचकून माझ्याकडं बघायला लागले. मीही दचकलो होतो, पण मी असा चेहरा केला की हे मला अपेक्षितच होतं. इंजिन मागं निघालं. व्यापाऱ्यानं मला अदबीनं विचारलं, "सर, आपण इंजिनियर?" तात्या म्हणाले, "त्याच्याबी वरचा. सायंटिस्ट."

तिथं मला 'नाही' म्हणता आलं असतं. एका शब्दाचं काम होतं. पण ज्या माणसानं माझ्यासाठी ढोल सांभाळला, त्याच्या डोळ्यांत मला तेव्हा जे दिसत होतं, ते मला उतरू द्यायचं नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही ते 'सर' गोड लागलं होतं. मी ऑइल तपासायची पट्टी ओढली, पुसली, पुन्हा घातली, पुन्हा काढली आणि तिचा वास घेतला. एवढं एकच मला येत होतं.

"कसं हाय?" तात्यांनी विचारलं.

"ऑइल चांगलं आहे," मी म्हणालो.

"पास!" तात्यांनी व्यापाऱ्याच्या हातावर हात मारला.

परतताना, शहरात शिरायच्या आधी, वाळूजजवळ, गाडीतून जळक्या रबरासारखा वास आला आणि ती थांबली. क्लच गेला होता. टेम्पोवर चढवून ती छावणीत शफी उस्तादांच्या गॅरेजमध्ये आणली. शफीभाई म्हणजे तात्यांच्या जीपचे जन्मापासूनचे मिस्त्री. गाडी बिघडली असं ते कधी म्हणत नसत. त्यांनी त्या लाल गाडीभोवती दोन चकरा मारल्या, पान थुंकलं आणि म्हणाले, "तात्या, ये गाडी नहीं है, नवाब है. और नवाब साब नाराज हैं."

"कशानं?"

"तुम जीप के जैसा चलाए इनकू. आधे क्लच पे पूना से लाए. नवाब कू पैदल चलाए तुम."

तात्या माझ्याकडं वळले नाहीत. उलट उस्तादांना म्हणाले, "इंजिनाला हात लावू नको हां. इंजिन सायंटिस्टनं पास केलंय." मी खाली मान घालून माझे बूट बघत राहिलो.

सुटे भाग इटलीहून येणार होते. ते येईपर्यंत अद्रकीचं दुसरं पीक लागलं. मधल्या काळात उस्ताद जमेल ते स्वतः घडवत. एक पाइप पाणी उपसायच्या मोटारीचा बसला, एक वॉशर त्यांनी चपलेच्या रबराचा कापला. मी दर रविवारी चितेगावहून छावणीत जायचो. इंग्रजी मॅन्युअल मी वाचून सांगायचो, उस्ताद ऐकून घ्यायचे आणि मग स्वतःच्या मनाप्रमाणे करायचे. एका रविवारी न राहवून मी त्यांना सगळं सांगून टाकलं: मला त्या दिवशी काहीच कळलं नव्हतं, मी फक्त वास घेतला.

उस्तादांनी पाना खालीही ठेवला नाही. "मालूम है मेरे कू. गाडी देख के आया बोलरा था तू, और शर्ट सफेद? जो इंजिन देखता ना मियाँ, उसके हाथ काले होते. मैं पैले दिनच समझ गया."

"तात्यांना सांगितलं नाही तुम्ही?"

"मैं कायकू बोलूँ? तू बोल."

"नक्को, उस्ताद."

"तो फिर ये पकड," म्हणत त्यांनी माझ्या हातात ग्रीसचा डबा दिला. तेव्हापासून रविवारी माझे हात काळे व्हायला लागले. तात्यांना मात्र मी सांगितलं नाही.

गाडी सुरू झाली आणि तात्यांनी तिचं नाव सर्जा ठेवलं. पोळ्याला तिच्या गळ्यात, म्हणजे दोन्ही आरशांना मिळून, घुंगरांची माळ घातली, नाकाडावर बेगड चिकटवली आणि पुरणपोळीचा घास पुढच्या जाळीला लावला. ओवाळायची वेळ आली तेव्हा माईंनी विचारलं, "तोंड कुठल्या अंगाला हाय ह्याचं? इंजिन तर मागं म्हणतेत." तात्यांनी मला विचारलं. सायंटिस्ट म्हणून मी निर्णय दिला की दोन्हीकडं ओवाळावं. पुरण त्या जाळीतून काढायला उस्तादांना एक दिवस लागला. ते फक्त एवढंच बोलले, "नवाब साब मीठा नहीं खाते, तात्या."

पण सर्जाची खरी अडचण वेगळीच होती. त्याला सीटा दोनच होत्या. आयुष्यभर अकरा माणसं नेणाऱ्या माणसानं दोन माणसांची गाडी घेतली होती, आणि हे घेताना त्यांच्या किंवा माझ्या, कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. दूध आता गडी पहाटे जीपमधून नेई. तात्या आठ वाजता सर्जा घेऊन फाट्यावर आले की तिथं तिघं-चौघं उभे. तात्यांचा चेहरा पडायचा. शेवटी त्यांनी मार्ग काढला: खेपा. एकाला शहराच्या तोंडाशी हर्सूलच्या नाक्यावर सोडायचं, परत यायचं, दुसऱ्याला घ्यायचं. दुसरा तोवर बसनं निघून गेलेला असला तर तात्यांना फार लागायचं. "म्या येतो म्हणलो होतो ना? मग?"

दुसरी अडचण स्पीड ब्रेकरची. गाडीचं पोट जमिनीपासून चार बोटं वर. पहिल्याच ब्रेकरवर ते असं घासलं की तात्यांनी स्वतःच्याच पोटावर हात ठेवला. मग त्यांनी सुताराकडून बाभळीच्या दोन फळ्या करून घेतल्या. गाडीत ठेवायला जागा नाही, म्हणून त्या शेजारी बसणाऱ्यानं मांडीवर धरायच्या. ब्रेकर आला की त्यानं उतरायचं, चाकांच्या पुढं फळ्या लावायच्या, सर्जा अलगद चढून उतरला की फळ्या उचलायच्या, पुन्हा बसायचं. फाट्यापासून हर्सूलपर्यंत लहानमोठे सतरा ब्रेकर. त्यातून सीट इतकी खाली की बसणं सोपं, उठणं अवघड. सावंगीची एक म्हातारी, मेथीची जुडी आणि दोन फळ्या घेऊन बसली, ती पहिल्या ब्रेकरला म्हणाली, "तात्या, मला एकदाच उतरवा. मी म्होरं चालत जाते, तुम्ही मागून या."

माईंचा सगळ्यात आवडता प्रश्न एकच होता. "दोन माणसांची गाडी. एक हे अन् दुसऱ्या त्या फळ्या. मी कुठं बसू?" तात्या म्हणायचे, "तू फळ्या धरती का?" माई म्हणायच्या, "चाळीस वर्षं तेच धरलंय."

लोक हसायचे, पण कुणी गाडीला नाव ठेवलं की तात्यांचं उत्तर ठरलेलं असे. सर्जा बंद पडो, धूर सोडो, चौक्याच्या चढाला घाम फुटून उभा राहो, ते म्हणत, "वरवरचं हाय. इंजिन पक्कं हाय. आमच्या सायंटिस्टनं नाकानं ओळखलं." प्रत्येक वेळी मला वाटायचं, आता सांगावं. एकदा फाट्यावरच्या हॉटेलात चहा पिताना मी सुरुवातही केली: "तात्या, त्या दिवशी पुण्याला..." तात्यांनी लगेच सगळ्यांना गप्प केलं. "ऐका, ऐका. कसं ओळखलं ते सांगतोय." मी चहा संपवला आणि चहा चांगला आहे म्हणालो.

पुढं कंपनीनं मला गुजरातमधल्या कारखान्याच्या लॅबमध्ये पाठवलं. निघायच्या दिवशी तात्यांनी स्टेशनवर सोडलं. बॅग पुढच्या खड्ड्यात, फळ्या माझ्या मांडीवर. ते म्हणाले, "फोन करू नको. फोनवर माणूस खोटं बोलतंय. पत्र टाक. लिहिताना हात अडकतो." माझी पत्रं ते स्वतः वाचत नसत. फाट्यावरचा हॉटेलवाला मोठ्यानं वाचे आणि सगळा फाटा ऐके.

गेल्या महिन्यात मला एक पार्सल आलं. आत फडक्यात गुंडाळलेली औषधाची बाटली, बाटलीत काळं ऑइल. सोबत हॉटेलवाल्याच्या अक्षरात चिठ्ठी: "तात्यांचे जावई नोकरी सोडून जुना ट्रक घेत आहेत. ट्रकचं ऑइल पाठवलं आहे. तात्या म्हणतात, वास घेऊन पास-नापास कळवावे. तू पास म्हणल्याशिवाय घेणार नाहीत. पास म्हणलास की लगेच घेणार."

एक संसार त्या बाटलीवर उभा राहणार होता. मी जावयांना फोन करून फक्त "थांबा, पत्र येतंय" एवढं सांगितलं. मग लॅबमध्ये गेलो, जे मला आता खरोखर येतं ते केलं, आणि परत येऊन हे पत्र लिहिलं. पत्र फाट्यावर मोठ्यानं वाचलं जाणार हे मला माहीत होतं.

*

तीर्थरूप तात्यांना शिरसाष्टांग नमस्कार.

बाटली पोचली. कागदावर बोटांचे काळे डाग दिसतील, ते त्याच ऑइलचे आहेत. यावेळी मी वास घेतला नाही. लॅबमधल्या यंत्रावर ऑइल तपासलं, दोन वेळा. त्यात पाणी आहे आणि लोखंडाचा बारीक कीस आहे. म्हणजे आत काहीतरी झिजतंय आणि कुठूनतरी पाणी शिरतंय. नेमकं कुठून, ते मला कळत नाही. मला ऑइलमधलं कळतं, इंजिनमधलं कळत नाही. म्हणून जावईबापूंनी विसार देऊ नये. आधी ट्रक छावणीत न्यावा आणि शफीभाईंना इंजिन उघडून बघू द्यावं. ते नाही म्हणाले तर नाही. ऑइल माझ्याकडून नापास.

आता दुसरं. हॉटेलवाल्या काकांनी हा भाग गाळू नये, मोठ्यानं वाचावा.

तात्या, पुण्याला त्या दिवशी मला काहीच कळलं नव्हतं. मी पट्टी ओढली, कारण दुसरं काय ओढायचं ते मला माहीत नव्हतं. वास घेतला, कारण तेवढंच येत होतं. ऑइल चांगलं होतं हे खरं आहे. बाकी सगळं मी तुम्हाला समजू दिलं. तुम्ही मला सायंटिस्ट म्हणालात आणि मला ते खोटं ठरवायचं नव्हतं. तुमच्या तीन वर्षांच्या सीटची परतफेड मी अशी केली. सर्जा रस्त्यात उभा राहिला की तुम्ही लोकांना माझं नाव सांगायचात, ते मी ऐकत होतो. शफीभाईंना हे पहिल्या दिवसापासून माहीत आहे. त्यांच्यावर रागावू नका, त्यांनी मला सांगायला सांगितलं होतं. मीच भ्यालो.

मी इथं एक जुनी साधी गाडी घेतली आहे. चार सीटांची. घ्यायच्या आधी मिस्त्रीला दाखवली. सकाळी कारखान्याच्या वाटेवर बसस्टॉप लागतो, तिथं थांबतो. इथली माणसं आधी संशयानं बघतात, मला भाषा नीट येत नाही. मी नुसतं विचारतो, कुठं? मग बसतात. काल एका पोरानं उतरताना काही द्यायला हात पुढं केला. मी दोन्ही हात सोडून त्याला हात जोडले. गाडी उभी होती, काळजी नसावी.

दिवाळीला येतो आहे. सकाळी आठला फाट्यावर उभा राहीन. सर्जा चालू असला तर फळ्या माझ्या मांडीवर द्या, सतरा ब्रेकरला मी उतरेन. माईंना आधी हर्सूलला सोडून या, मी दुसऱ्या खेपेला थांबतो. बसनं जाणार नाही.

माझा निकाल तुम्ही लावा. नापास केलंत तरी चालेल. सीट तेवढी ठेवा.

तुमचा,
ज्ञानू